मुदतीच्या कायद्याची मुदत कोणी वाढवावी?

शिरूरच्या एखाद्या शेतकऱ्याने शेजाऱ्याची पाभर पेरणीपुरती उसनी नेली. पेरणी संपल्यावर ती आणखी ठेवून घ्यावी की नाही, हे कोणी ठरवावयाचे? नेणाऱ्याने की देणाऱ्याने? याचे उत्तर शाळेतील लहान मूलही देईल. परंतु हाच प्रश्न राज्यकारभारात उद्भवला म्हणजे भले भले लोकही गोंधळतात.

ज्यूरी म्हणजे पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारे सामान्य नागरिक. ज्यूरी नेहमीच न्यायी असते असे नव्हे. सन १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय होते, आणि ती सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या विरुद्ध गेली. तथापि सरकार व आरोपी यांच्यामध्ये सरकारचा चाकर नसलेला मनुष्य उभा असावा, हे ज्यूरीमागील तत्त्व मोलाचे होय.

हे तत्त्व बाजूस सारणारा रौलट कायदा १९१९ साली झाला. त्यान्वये हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ज्यूरीवाचून खटला चालवावा, आणि त्यावर अपील नसावे, असे ठरले. कायद्याची मुदत महायुद्ध संपल्यापासून तीन वर्षांची होती. पण तो कोठे लागू करावयाचा हे गव्हर्नर जनरल व त्यांचे मंडळ जाहीरनाम्याने ठरविणार. आणि ज्या कौन्सिलात तो संमत झाला तेथे मताधिक्य सरकारचेच. हिंदी सभासदांचा विरोध व्यर्थ गेला. म्हणजे पाभर नेणाराच देणाराही झाला! देशभर क्षोभ उसळला, व १९२२ साली तो कायदा रद्द झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९७३ च्या फौजदारी संहितेने ज्यूरीची पद्धत आपल्याकडून गेली. तरी मूळ प्रश्न उरलाच. कारण नेहमीच्या न्यायपद्धतीला वळसा घालणारे कायदे पुढेही झाले. १९८७ च्या 'टाडा' कायद्याने खास न्यायालये नेमली, आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरला. त्याची मुदत मात्र दोन वर्षांची होती. संसदेने ती १९८९, १९९१ व १९९३ मध्ये वाढविली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने करतार सिंग खटल्यात हा कायदा बहुतांशी वैध ठरविला. तरीही पुढच्याच वर्षी मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्रे लिहून मुदत न वाढविण्याची विनंती केली. २३ मे १९९५ रोजी मुदत सरली, आणि कायदा मावळला.

यातून एक भेद ध्यानी येतो. कायदा वैध आहे काय, हे न्यायालय सांगते; तो अजून आवश्यक आहे काय, हे लोकांच्या प्रतिनिधींनी सांगावयाचे असते. सरकारने केवळ मागणी करावी.

यावर कोणी म्हणेल, 'संसदेनेच टाडाला तीन वेळा मुदतवाढ दिली ना?' आक्षेप रास्त आहे. हात वर करणे म्हणजे विचार करणे नव्हे. म्हणून किती खटले झाले, किती सुटले, किती जण निकालावाचून तुरुंगात राहिले, याचा हिशेब स्वतंत्र व्यक्तीने आधी सभागृहापुढे ठेवावा. उत्तर आयर्लंडात ज्यूरीविना खटल्यांस मुभा देणाऱ्या २००७ च्या कायद्यात दर दोन वर्षांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती आवश्यक ठेवली आहे. उलट आपल्या राज्याच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याला, म्हणजे 'मकोका'ला, अशी मुदतच नाही. त्यामुळे त्याचा फेरविचार करणे कोणासही भाग पडत नाही.

मुदत सरली म्हणजे सर्व संपले असेही नव्हे. टाडाखालील मुंबई बाँबस्फोटांच्या खटल्याचे निकाल २००६ व २००७ साली लागले. यास्तव जागे राहावयाचे ते मुदतवाढीच्या दिवशी.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी घरी याचा विचार करावा: ज्या कायद्याची झळ आपल्याला लागत नाही, त्याची मुदत वाढविताना आपल्या प्रतिनिधीने काय मत दिले, हे आपण कधी विचारले आहे काय?