सावतोबांचा मळा आणि फळावरची नजर

गेल्या आषाढी वारीत लोणंदचा मुक्काम हलला, आणि चांदोबाच्या लिंबाकडे चालता चालता दिंडीतील एका तरुण वारकऱ्याने प्रश्न केला. तो एका कारखान्यात लेथवर काम करतो. म्हणाला, "महाराज, आमच्या भिंतीवर महिन्याचा आकडा लिहिलेला असतो. त्याला टार्गेट म्हणतात. सकाळी गेलो की आधी तोच दिसतो. पूर्वी मला यंत्रापाशी काही ना काही युक्ती सुचायची, आता काही म्हणजे काही सुचत नाही. तुम्ही कीर्तनात सांगता, फळाची आशा धरू नका. पण आकडा भरला नाही तर घर कसे चालायचे?"

प्रश्न खरा आहे. फळ सोडा म्हणून गादीवरून सांगणे सोपे. सांगणाऱ्याची बिदागी आधीच ठरलेली असते! म्हणून त्याला लगेच उत्तर दिले नाही. मनात आले ते सावतोबांचे चरित्र, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत त्यावरच बोलणे झाले. तेच येथे मांडतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक आपण सगळेच जाणतो. अधिकार कर्माचा आहे, फळाचा नाही, इतके सांगून आपण थांबतो. पण त्याच श्लोकाच्या शेवटी भगवंत अर्जुनाला काय बजावतात? कर्म न करण्याचीही आसक्ती धरू नकोस, असे. हा शेवटचा चरण गाळल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. फळाची आस सोडणे म्हणजे हात सैल सोडणे, असे लोक समजू लागले.

आता सावता महाराजांकडे पाहा. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७ (इ. स. १२९५) मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीस ते समाधिस्थ झाले. पंढरी तेथून काही फार लांब नाही. तरी ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, असे परंपरा सांगते. आणि त्यांच्या पुण्यतिथीला पंढरीहून देवाचीच पालखी अरणला जाते. भक्त देवाकडे जातो हे सगळीकडे आहे. देव भक्ताच्या कामाच्या जागी जातो, हे अरणला पाहावे.

मळ्यातले काम म्हणजे काय, हे ज्याने दारे धरले आहे त्यालाच कळेल. मोटेचे पाणी पाटाने येते. एक वाफा भरत आला की दारे मोडून पाणी दुसऱ्यात घ्यायचे. त्या घटकेला माळ्याची नजर पाण्याच्या कडेवर हवी. ती जर बाजारच्या भावाकडे गेली, "यंदा किती पदरात पडेल" याकडे गेली, तर वाफा फुटलाच म्हणून समजा! बाजार त्याला ठाऊक नसतो असे नाही. पेरताना त्याने तो विचार केलेलाच असतो. पण दारे धरताना तो विचार जवळ ठेवून चालत नाही. आणि नजर पाण्यावर असली म्हणजे आणखी एक गोष्ट होते. कोणते रोप मान टाकते, कोठे पाणी मुरते, कोठे साचते, हे दिसू लागते. मग पाटाला थोडे वळण द्यावे असे आपोआप सुचते. सुचणे सुचणे म्हणतात ते एवढेच. जे समोर आहे ते नीट दिसले की पुढचे सुचते.

सावतोबांचे अभंग आज चाळिसाच्या आतच मिळतात. काशिबा गुरवांनी ते लिहून घेतले, असे सांगतात. त्यांत मळ्यातली भाजी आली, विहीर आली, मोट आली. कवित्व करावे म्हणून ते बसले नव्हते. गोरोबाकाकांच्या घरी माती होती, सेना महाराजांच्या हाती आरसा होता, जनाबाईंपुढे जाते होते. प्रत्येकाची वाणी निराळी, कारण प्रत्येकाचे काम निराळे.

कोणी म्हणेल, वारकऱ्याला तरी पंढरीचे ध्येय आहेच ना? आहे तर! पण पोहोचणे एवढेच हवे असते तर एस. टी. आहे की. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर पायी येऊन कित्येकांना आषाढीच्या गर्दीत कळसाचेच दर्शन घडते. ते हात जोडतात आणि गावी परततात. वारी फुकट गेली असे त्यांतला कोणी म्हणाल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट मुक्काम गाठायची घाई झाली की भजनाचे काय होते ते दिंडीतल्या मृदंगवाल्याला विचारा. ठेका पळू लागतो, टाळ मागे पडतात, आणि सकाळी रमतगमत सुचलेली नवी चाल संध्याकाळपर्यंत विसरून जाते.

त्या तरुणाला मी आकडा पुसायला सांगितले नाही. म्हटले, "अरे, तो महिन्याच्या शेवटी पाहायचा आहे. सकाळचा पहिला तास भिंतीकडे पाठ कर. यंत्राचा आवाज ऐक, हाताने नाम चालू दे. काही सुचले तर एकाच तुकड्यावर करून पाहा; बिघडला तर एकच बिघडेल." आणि हेही सांगितले, की आकडाच माणसाच्या शक्तीबाहेरचा असेल तर चौघांनी मिळून तसे साहेबाला स्पष्ट सांगावे. मजुराला निष्काम कर्म शिकवून नफा स्वतः मोजत बसणे, याला गीता म्हणत नाहीत.

कार्तिकीला तो वाळवंटात भेटला. आकडा भरला की नाही हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पात्यापाशी लोखंडाचा कीस गुंतत होता, तो बाजूला पडावा म्हणून त्याने पत्र्याची एक लहानशी पट्टी वाकवून बसवली होती. आधी दोनदा चुकली, म्हणाला. तिचा बाक कसा आहे ते वाळूवर बोटाने काढून दाखवीत होता. तेवढ्यात त्याच्या दिंडीचा वीणेकरी उठला, आणि ते चित्र अर्धेच टाकून तो टाळ घेऊन पळाला.