चवर : सह्याद्रीच्या पठारावरील एक निसर्गपाठ
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू

आले आणि हळद ही प्रत्येक घरी रोज लागणारी द्रव्ये होत. त्यांच्याच कुळातील एक रानटी वनस्पती सह्याद्रीच्या माथ्यावर उगवते. तिचे नाव चवर. महाबळेश्वर, कास व आसपासच्या डोंगरपठारांवर ती पावसाळ्यात दाट वाढते. परंतु सह्याद्रीचा हा भाग सोडला तर जगात अन्यत्र ती निसर्गतः कोठेही उगवत नाही. घराजवळची वस्तू विपुल दिसत असूनही ती दुर्मीळ असू शकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा मुख्य हेतू होय. पाठास दोन तासिका व एक पायी सहल पुरेशी आहे.

पूर्वज्ञान

ज्ञाताकडून अज्ञाताकडे हा क्रम येथे सहज साधता येतो. सातारा जिल्ह्यातील आले प्रसिद्धच आहे. वाई व कराडकडील भागात हळदीचीही लागवड होते. शिक्षकांनी आल्याचा एक ओला तुकडा व हळदीचे एक कच्चे हळकुंड वर्गात आणावे. विद्यार्थ्यांस ते हाताळू द्यावे आणि विचारावे, "हे मूळ आहे की खोड?" बहुतेक मुले "मूळ" असे उत्तर देतील. ते उत्तर लगेच खोडून काढू नये. तुकड्यावर दिसणारी आडवी पेरे, पेरांवरील सुकलेले पातळ खवले आणि खवल्यांच्या बगलेतील डोळे एकेक करून दाखवावेत. पेरे व डोळे मुळास नसतात, खोडास असतात. म्हणून आले व हळद ही मुळे नसून जमिनीखाली आडवी वाढणारी खोडे आहेत, हे विद्यार्थी आपण होऊनच सांगतील.

या कुळास आर्द्रक कुल असे म्हणतात. 'आर्द्रक' म्हणजे आले. वेलदोडा, कचोरा, आंबेहळद आणि परसातील सुगंधी सोनटक्का ही सर्व याच कुळातील भावंडे होत. उष्ण प्रदेशातील ओलसर अरण्ये हे या कुळाचे माहेर आहे.

चवरीची ओळख

मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे पठारावरील काळसर जांभ्याच्या फटींतून व सदाहरित अरण्याच्या कडेने हिरव्या सुरळ्या वर येतात. काही दिवसांत त्या उलगडून लांबट, टोकदार पाने होतात. पान हळदीच्या पानासारखेच दिसते : मध्ये जाड शीर आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे जाणाऱ्या, एकमेकींस समांतर अशा बारीक शिरा. रोप मुलांच्या कमरेपर्यंत, क्वचित त्याहून उंच होते.

आषाढ-श्रावणात रोपाच्या शेंड्यावर फुलांचा तुरा येतो. तुऱ्यावर हिरवट पांढऱ्या पानांसारखे खवले एकावर एक रचलेले असतात. पुष्कळ मुले यांनाच फुले समजतात. वास्तविक ते फुलांचे रक्षण करणारे छद होत. प्रत्येक छदाच्या खोबणीत डोकावले म्हणजे फिकट पिवळसर रंगाचे नाजूक खरे फूल दिसते. या कुळातील फुलांत पराग धारण करणारा केसर एकच असतो. बाकीच्या केसरांपैकी काहींनी पाकळ्यांचे रूप घेतलेले असते. फुलाची जी मोठी, शोभिवंत 'पाकळी' डोळ्यांत भरते, ती मुळात पाकळी नव्हेच. हे सत्य सोनटक्क्याच्या फुलावर अधिक स्पष्टपणे दाखविता येते. त्याकरिता चवरीचे फूल तोडण्याचे कारण नाही.

जमिनीखालची शिल्लक

पठारावरील जमीन विलक्षण आहे. वर मातीचा थर जेमतेम वीतभर, कोठे त्याहूनही कमी; खाली अभेद्य जांभा. पावसाळ्यात पाणी साचून राहते, तर उन्हाळ्यात तीच जमीन तव्यासारखी तापते. मोठ्या वृक्षास मुळे रोवण्यास तेथे जागा मिळत नाही. अशा ठिकाणी ज्या वनस्पतीस राहावयाचे असेल, तिने चार महिन्यांत आपला सर्व प्रपंच उरकला पाहिजे आणि उरलेले आठ महिने कोठेतरी दडून काढले पाहिजेत. चवर हे काम कंदाच्या साहाय्याने करते.

काटकसरी शेतकरी सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवतो व पेरणीच्या वेळी तीतूनच बियाणे काढतो. चवरीचा कंद ही तिची कणगी. ज्येष्ठात पहिली पाने फुटतात ती गेल्या वर्षीच्या साठ्यावर. फुलोराही बऱ्याच अंशी त्या साठ्यावरच येतो. पुढे पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व ते पिष्टाच्या रूपाने पुन्हा कंदात जमा होते. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडून गळून जातात. वरून पाहणाऱ्यास रोप मेले असे वाटते. वस्तुतः ते जमिनीखाली निजलेले असते.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. फुलाच्या ऐन भरात उपटलेली चवर ही जुनी शिल्लक खर्च झालेली आणि नवी पुरती जमा न झालेली अशी असते. त्या वेळी तिला उपटणे म्हणजे कणगी रिकामी असताना घर मोडणे होय.

नावाची कथा

ही वनस्पती शास्त्रीय ग्रंथात प्रथम नोंदविली ती जॉन ग्रॅहॅम याने. हा मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी होता. मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची त्याने तयार केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याने चवरीची गणना हळदीच्या प्रजातीत केली व तिला 'कुर्कुमा कॉलिना' असे नाव दिले. 'कॉलिना' याचा अर्थ खोड असलेली. हळदीचे वर दिसणारे खोड हे केळीप्रमाणे पानांच्या आवरणांचेच बनलेले असते. चवरीस मात्र पाने धारण करणारे खरे खोड असून त्याच्या शेंड्यावर तुरा येतो. हाच फरक ग्रॅहॅमने नावात टिपला. पुढे १८९० साली बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'हिचेनिया' या निराळ्या प्रजातीत घातले. एकविसाव्या शतकातील संशोधकांनी तिला पुन्हा हळदीच्या प्रजातीत आणले आहे. नोकरी सांभाळून डोळसपणे निरीक्षण करणाऱ्या एका गृहस्थाचे मत अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी पुनः मान्य झाले, ही हकीकत विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

तवकिरीचा प्रयोग

चवरीच्या कंदात पिष्ट भरपूर असल्याने पूर्वी महाबळेश्वराकडे त्यापासून आरारुटासारखी तवकीर काढीत असत. कंद धुऊन, किसून पाण्यात कालवावयाचा, फडक्यातून गाळावयाचा, पाणी स्थिर ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो, वरचे पाणी पुनःपुन्हा ओतून टाकून साका उन्हात वाळवावयाचा, अशी ही कृती आहे. वर्गात हा प्रयोग बटाट्यावर करावा. साका वाळल्यावर त्यावर आयोडिनाचा थेंब टाकला असता गडद निळा रंग येतो. कंदात साठविलेले अन्न म्हणजे काय, हे मुलांस त्यावरून प्रत्यक्ष कळते. यासाठी चवरीचा कंद खणू नये.

"आमच्याकडे तर पुष्कळ आहे!"

चवर दुर्मीळ आहे असे म्हणताच डोंगराकडील गावांतील एखादा चुणचुणीत मुलगा उठून म्हणेल, "गुरुजी, आमच्या सड्यावर तर ती पुष्कळ आहे!" हा आक्षेप योग्य आहे व त्याचे स्वागत करावे, कारण पाठाचे मर्म त्यातच आहे.

भिंतीवर जगाचा नकाशा लावावा. त्या मुलासच पुढे बोलावून चवरीचा प्रदेश बोटाने झाकण्यास सांगावे. बोटाच्या टोकाखाली सबंध महाराष्ट्र झाकला जाईल. चवरीचा प्रदेश त्याचाही लहानसा अंश. मग वर्गास विचारावे, "या बोटाखालची चवर संपली, तर बी कोठून आणावयाचे?" उत्तराची घाई करू नये.

पठारांवर रस्ते, बांधकामे, जांभ्याच्या खाणी व पवनचक्क्या येत आहेत. पाहुण्यांच्या पायांखाली कोवळे कोंब तुडविले जातात. वीतभर मातीचा थर एकदा वाहून गेला की तो पुनः बनण्यास मनुष्याच्या कित्येक पिढ्या लागतात. जगातील संकटग्रस्त जीवजातींच्या लाल यादीत चवरीची नोंद 'असुरक्षित' या वर्गात झालेली आहे. कासच्या पठाराचा समावेश २०१२ साली जागतिक वारसास्थळांत झाला, ही जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे. पण भूषणाबरोबर जबाबदारीही आली.

शिक्षकांस सूचना

वस्तुपाठासाठी प्रत्यक्ष वस्तू वर्गात आणावी, हा आपल्या अध्यापनातील जुना व चांगला नियम आहे. चवरीच्या बाबतीत मात्र तो उलटा करावा लागतो : वनस्पतीस शाळेत न आणता शाळेस वनस्पतीकडे न्यावे. एका वर्गात ४० मुले आहेत व प्रत्येकाने एकच रोप उपटले असे समजू. अशा १० शाळांची एका मोसमात ४०० रोपे होतात. पाच वर्षांची २०००. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करवून घ्यावे. गौरी-गणपतीच्या सजावटीसाठी रानफुले आणणाऱ्या मुलांस ते विशेष पटेल. राखीव वनातील रोप उपटणे कायद्यानेही गुन्हा आहे, हे शेवटी सांगावे. प्रथम कारण समजावे, मग कायदा.

सहलीत मुलांनी पायवाट सोडू नये, एका ओळीने चालावे व चित्र बसल्या जागेवरून काढावे. माण, खटावसारख्या कोरड्या भागातील शाळांनी हाच पाठ शाळेच्या बागेतील हळदीवर घ्यावा.

स्वाध्याय

१. आले हे खोड आहे, हे कोणत्या तीन खुणांवरून ओळखाल?
२. चवर वर्षाचे आठ महिने दिसत नाही. त्या काळात ती कोठे असते?
३. छद व फूल यांतील फरक चित्र काढून दाखवा.
४. 'एखादी वस्तू आपल्या गावी पुष्कळ असूनही दुर्मीळ असू शकते.' हे विधान आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

उपक्रम

गावाजवळ चवर असल्यास वाटेच्या कडेची एक चौरस मीटर जागा निवडावी. तेथील रोपे हात न लावता मोजावीत आणि तारखेसह तो आकडा शाळेच्या निसर्गनोंदवहीत लिहावा. पुढील श्रावणात नव्या वर्गाने त्याच जागी जाऊन पुनः मोजणी करावी. आकडा कायम राहिला अथवा वाढला, तर पाठ नीट शिकविला गेला असे समजावे. कमी झाला, तर त्याचे कारण शोधणे हाच त्या वर्षीचा पाठ होय.