जखम जेव्हा आठवण होते



काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक गृहस्थ संध्याकाळी कार्यालयात भेटायला आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी चांगली, घरी दोन मुली. म्हणाले, "फादर, वडील दारू पिऊन यायचे आणि पट्ट्याने मारायचे. त्यांना जाऊन २० वर्षं झाली. पण अजून रात्री दाराची कडी वाजली की माझे हातपाय गार पडतात. मी परत आठ वर्षांचा होतो."

मी त्यांना सांगितले, वडिलांना क्षमा करा आणि रोज रोझरीची प्रार्थना म्हणा. ते गेले आणि वर्षभर फिरकले नाहीत. पुढे भेट झाली तेव्हा म्हणाले, "फादर, तुम्ही मला क्षमा करायला सांगितलंत. ती मला जमेना. मग त्याचाही दोष मी स्वतःलाच देत बसलो." (हे बोलणे पापनिवेदनातले नाही. त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे.) त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

१. गेलेले आणि न गेलेले

संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास आपले आत्मकथन लिहिले, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले बिशप होते. तरी लहानपणी शाळेत खाल्लेला मार ते विसरले नव्हते. मार बसू नये म्हणून आपण देवाची आळवणी करत असू आणि मोठी माणसे, अगदी आईवडीलसुद्धा, त्या माराला हसत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथात पुढे ते स्मरणशक्तीविषयी एक मार्मिक गोष्ट सांगतात: गेलेले दुःख आठवताना माणूस दुःखी असतोच असे नाही.

साध्या आठवणीचे असेच असते. मोडलेल्या हाताची गोष्ट आपण हसत सांगतो. बालपणीच्या खोल आघाताचे मात्र तसे होत नाही. तो आठवत नाही, तो पुन्हा घडतो. मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग कडीचा आवाज ऐकताच शरीराला इशारा देतो. छाती धडधडते, घाम फुटतो. "अरे, ते दिवस गेले" हा विचार मागाहून येतो, कधी येतही नाही. अशा माणसाला "जुने उगाळू नका" म्हणून उपयोग नसतो. त्याच्या दृष्टीने ते जुने झालेलेच नसते.

२. अभ्यास काय सांगतो

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन कमी करण्याचे उपचार केंद्र चालवत होते. १९८५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की वजन चांगले उतरत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जातात. चौकशी केली तेव्हा त्यांतल्या अनेकांचे बालपणी लैंगिक शोषण झाल्याचे कळले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठा अभ्यास केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९,५०८ प्रौढांची उत्तरे होती. मारहाण, शोषण, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड अशा ७ प्रकारांपैकी किमान एक प्रकार निम्म्याहून अधिक लोकांनी बालपणी अनुभवला होता. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला.

हे परदेशातले म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले. ती मुले आज मोठी झाली आहेत. त्यांतली काही आपल्या बाकांवरही बसत असतील.

अर्थात, धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. मार खाल्लेला प्रत्येक मुलगा व्यसनी होत नाही आणि मोठेपणीही माणूस बरा होऊ शकतो.

३. थेरपीत काय होते?

अनेकांना वाटते, तिथे जाऊन पहिल्याच दिवशी सगळे ओकून टाकायचे असते. तसे नाही. डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या उपचाराचे तीन टप्पे मांडले.

पहिला टप्पा सुरक्षिततेचा. झोप, जेवण, घरातला धोका आधी पाहतात. भीती दाटून आली की आपल्याला आजच्या क्षणात कसे आणायचे ते शिकवतात: पाय जमिनीवर टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्या, श्वास सावकाश सोडा.

दुसरा टप्पा आठवणीचा आणि शोकाचा. आपल्याला झेपेल तेवढेच, थोडे थोडे बोलायचे. जे बालपण मिळाले नाही त्याबद्दल रडायचेही. यासाठी विशेष पद्धती आहेत. एका पद्धतीत आघातातून आलेले "चूक माझीच होती" यासारखे विचार तपासतात. 'ईएमडीआर' नावाच्या दुसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटामागे नजर फिरवतात. आघातोत्तर विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या दोन्हींची शिफारस केली आहे.

तिसरा टप्पा पुन्हा माणसांत येण्याचा. विश्वास, मैत्री, संसार, काम.

या सर्वांचा हेतू आठवण पुसून टाकणे हा नाही. घडून गेलेले मनातही 'घडून गेलेले' व्हावे, एवढाच आहे.

४. क्षमेची घाई नको

येथे माझी चूक मला दिसली. क्षमा ही कृपा आहे, पण रक्त वाहत असताना कोणी ती मागू नये. आधी जखम बांधायची असते. शिवाय क्षमा करणे म्हणजे झाले ते ठीक होते असे म्हणणे नव्हे, की पुन्हा त्याच घरात राहायला जाणे नव्हे.

आणखी एक. काही जण आपल्यावर झालेला अत्याचार स्वतःचे पाप म्हणून पापनिवेदनात सांगतात. बंधूंनो, भगिनींनो, ते तुमचे पाप नाही. मूल कधीच दोषी नसते. पापनिवेदन पापांच्या क्षमेसाठी आहे, ते थेरपीची जागा घेत नाही. आणि थेरपीला गेल्याने श्रद्धा कमी ठरत नाही.

अत्याचार करणारा नात्यातला असो, शाळेतला असो की आमच्यासारखा झगा घातलेला असो, गप्प बसू नका. आज एखादे मूल धोक्यात असेल तर १०९८ वर कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असूनही पोलिसांना न कळवणे गुन्हा आहे.

५. कोठे जायचे?

औषधांची गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. बोलून करायच्या उपचारांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावे. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का आणि त्यांना आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तुमची माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

त्या गृहस्थांनी सुमारे दोन वर्षे थेरपी घेतली. गेल्या नाताळात भेटले. "अजून कधी कधी दचकतो, फादर," म्हणाले. "पण आता कडी वाजली की मी दाराकडे बघतो. मुलगी क्लासवरून आलेली असते."

चिंतनासाठी प्रश्न

१. कोणी आपले दुःख सांगते तेव्हा मी ऐकतो की लगेच उपदेश करतो?
२. माझ्या आवाजाने, माझ्या हाताने घरातले मूल घाबरते का?
३. मला स्वतःला मदतीची गरज आहे का? कोणाशी बोलू शकेन?

आपला,
प्रमुख धर्मगुरू