पळस बघायला डोंगरात जाताना

फाल्गुन लागला की नागपूरकरांचे पाय रामटेककडे वळतात. शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, पळस फुललेला, पहाटे अजून गारवा. डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या कडेनं, बैलगाडीच्या चाकोरीतून आणि दगडधोंड्यांतून चालण्याचा आनंद मीही बरीच वर्षं घेतो आहे. पण इथला वसंत फसवा आहे, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. कालिदासाच्या रामगिरीवर झाडांची गर्द सावली आहे. मार्चमध्ये मात्र सालई, मोई, धावडा यांची पानं गळून गेलेली असतात. जंगलातून चालतोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात डोक्यावर काहीच नसतं. नकाशावर हिरवा रंग पाहून निघालेल्यांना हे ठाऊक नसतं.

अशाच एका मार्चमध्ये आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. धडधाकट, रोज सकाळी पळणारा. चढताना तो सगळ्यांच्या पुढे होता. साडेअकराच्या सुमारास उतरताना तो गप्प झाला. पोटऱ्यांत गोळे आले म्हणाला. थोड्या वेळानं नाव विचारलं तर भलतंच उत्तर, आणि पाय वाट सोडून झुडपांकडे वळायला लागले. पाणी त्यानं भरपूर प्यायलं होतं, पण नुसतं पाणीच. आम्ही त्याला एका कपारीच्या सावलीत निजवलं, सगळ्यांचे दुपट्टे भिजवून मान, काखा आणि जांघांवर ठेवले, टोप्यांनी वारा घातला. खाली गाडी पोचेल अशा जागेपर्यंत त्याला उचलून आणावं लागलं. तो वाचला आणि बरा झाला. त्या दिवशी उष्णतेची लाट नव्हती; मार्चमधला चारचौघांसारखा दिवस होता.

आपल्याकडची मार्चमधली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर ठरतच नाही. सदरा कोरडा राहतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाहीये. मिठासकट पाणी निघून जात असतं. शिवाय खडक तापायला लागला की ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं. पारा सावलीत मोजलेला असतो. दगडावरच्या माणसाच्या वाट्याला त्याहून जास्त येतं.

म्हणून शिखर ठरवू नका, परतीची वेळ ठरवा. उजाडताच चालायला लागा आणि दहाला खाली या, मग माथा हाताच्या अंतरावर का असेना. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि निम्मं संपायच्या आत मागे वळा. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, पन्हं उत्तमच. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही यावर विसंबू नका. तो जेवणात खा.

कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, अंग भाजतंय असं लागलं, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. आधी अंग थंड करा आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. फोनला रेंज कुठवर आहे ते चढतानाच बघून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथं अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून दूर पळा. आणि याच दिवसांत मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. वाळल्या गवतात वणवा वाऱ्याबरोबर चढावर धावतो. धूर दिसला की वर जाऊ नका, बाजूला व्हा. पेंचकडच्या राखीव जंगलात तर परवानगीशिवाय पाऊलच टाकू नका. तिथं वाघ आहे.

चैत्र लागल्यावर मात्र या खडकांवर लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना नेऊच नका. त्यांना पळस रस्त्याच्या कडेचा दाखवा.