चूक शोधण्याचे शिक्षण
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकशास्त्राशी कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु ‘माणूस कसा शिकतो’ हा प्रश्न त्या शास्त्रातील काही संशोधकांनी आपला मानला आहे, आणि हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. म्हणून त्यातील एका प्रयोगाची ओळख येथे करून देत आहे.

सीमोर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हा येथे काम केले. १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉइरझाइग, सिंथिया सॉलोमन व पॅपर्ट प्रभृतींनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तीत एक ‘कासव’ आले. ‘पुढे १००’ म्हटले की ते रेघ ओढीत चालते. ‘उजवीकडे ९०’ म्हटले की काटकोनात वळते. या दोन आज्ञा चार वेळा दिल्या की चौरस पूर्ण होतो.

आता समभुज त्रिकोण काढू. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, म्हणून मूल ‘उजवीकडे ६०’ असे सांगते. पण तीन बाजू झाल्या तरी आकृती मिटत नाही. तीच आज्ञा सहा वेळा दिली, तर चक्क षट्कोन तयार होतो! कारण कासव आतल्या कोनाने वळत नाही, बाहेरच्या कोनाने वळते. म्हणजे १८० वजा ६०, अर्थात १२० अंश. पूर्ण फेरीत ते ३६० अंश वळते. त्याला तीनाने भागा, चाराने भागा, सहाने भागा. प्रत्येक आकृतीचा कोन मिळेल. पाठ करावयाचा नियम येथे मुलाला आपणहून सापडतो. संगणकाने मुलाला शिकवावे याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात त्यांनी तो मांडला.

मग संगणक आणला की बुद्धी वाढते काय? रॉय पी व मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कमध्ये हे तपासले. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांची कामाची आखणी करण्याची क्षमता इतर मुलांपेक्षा सरस आढळली नाही, असे १९८४ च्या सुमारास त्यांनी दाखविले. याउलट डेव्हिड क्लार व शॅरन कार्व्हर यांनी मुलांना चूक शोधण्याची रीत मुद्दाम शिकविली: काय हवे होते, काय झाले, फरक कोणता, तो कोणत्या आज्ञेमुळे पडला असेल. संगणकाचा संबंध नसलेल्या लेखी सूचनांतील चुका शोधतानाही ही रीत त्या मुलांच्या उपयोगी पडली. त्यांचे हे संशोधन १९८८ साली प्रसिद्ध झाले.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले म्हणजे तात्पर्य स्पष्ट होते. यंत्र केवळ संधी देते. त्या संधीतून काय शिकावयाचे हे शिक्षकाने योजावे लागते. असे दावे पारखून घेणे हेच शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधनाचे काम होय. मुंबईच्या आय. आय. टी.मध्येही या विषयात पीएच. डी. करता येते.

मला हा विषय जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वहीवरची लाल फुली का पडली, हे सांगणारे माणूस ज्याच्या घरी नाही, त्याला ती फुली म्हणजे निकालच वाटतो. ज्याच्या घरी सांगणारे आहे, त्याला ती सूचना वाटते. दोन मुलांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते. चूक शोधण्याची रीत वर्गातच शिकविली गेली, तर ते कमी होईल. त्यासाठी संगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते चार प्रश्न खडूने फळ्यावरही लिहिता येतात.