प्राप्तिकराचा परतावा

जून-जुलै महिन्यांत आमच्या टिळकवाडीत दोन प्रकारची धांदल दिसते. पहिली पाठ्यपुस्तकांची व गणवेशांची. ती विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. दुसरी घरातील वडीलधाऱ्यांची. ‘फॉर्म सोळा मिळाला का?’, ‘बँकेने किती कापले?’, ‘रिटर्न भरले, पण पैसे केव्हा यायचे?’ असे प्रश्न पहिल्या रेल्वे गेटापासून आर.पी.डी. कोपऱ्यापर्यंत कोठेही कानी पडतात. मुले ते ऐकतात आणि मोठ्यांचे काम म्हणून सोडून देतात. वस्तुतः त्यात सातवी-आठवीच्या अंकगणितापलीकडचे फारसे काही नाही; आणि प्रश्न घरच्या पैशाचा असल्यामुळे ते समजून घेण्याची निकड मात्र पुष्कळ आहे. म्हणून प्राप्तिकराचे विवरणपत्र, त्यातील वजावटी आणि परतावा यांचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ‘यंदा रिटर्न किती आले?’ असे लोक सर्रास विचारतात. रिटर्न येत नसते, ते द्यावयाचे असते. रिटर्न म्हणजे विवरणपत्र : वर्षभरात आपणांस किती प्राप्ती झाली, त्यावर किती कर होतो आणि किती आधीच भरला गेला, याचा आपण स्वतः दिलेला हिशेब. भरलेला कर देय करापेक्षा अधिक ठरला, तर जादा रक्कम परत मिळते; तिला परतावा म्हणावे. दुकानदाराला शंभराची नोट दिली आणि जिन्नस साठ रुपयांचा निघाला, तर उरलेली मोड आपलीच असते. परतावा ही अशी मोड आहे. ते अनुदान नव्हे, बक्षीसही नव्हे. ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे पुढील पुष्कळ भ्रम आपोआप नाहीसे होतात.

हा कर आपल्या देशात आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी कर्जात बुडाली होती. ती सावरण्यासाठी जेम्स विल्सन यांस इंग्लंडहून पाठविण्यात आले. हे गृहस्थ मूळचे टोप्यांचे व्यापारी, आणि ‘इकॉनॉमिस्ट’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचे संस्थापक. वर्षाला २०० ते ५०० रुपये प्राप्ती असणाऱ्यांवर शेकडा २ आणि त्यावरील प्राप्तीवर शेकडा ४ असा कर त्यांनी बसविला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी त्याला उघड विरोध केला व त्यापायी त्यांस पद सोडावे लागले. २४ जुलै १८६० रोजी कायद्यास संमती मिळाली आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यास विल्सन यांचे देहावसान झाले. कर मात्र राहिला. मध्यंतरी तो काही काळ बंद पडला, १८८६ साली स्थिर झाला, १९२२ व १९६१ साली त्याचे कायदे नव्याने लिहिले गेले. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा कायदा संमत झाला. त्याच्या अंमलाचा आरंभ १ एप्रिल २०२६ पासूनचा. मार्च २०२६ पर्यंतच्या प्राप्तीचा हिशेब जुन्याच कायद्याने व्हावयाचा, म्हणून पुढे दिलेले आकडे त्याचेच आहेत.

आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांस येथे एक गोष्ट विशेष बोधप्रद वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला, परंतु प्राप्तिकराच्या दृष्टीने निपाणीत व कोल्हापुरात तिळमात्र फरक पडला नाही. कारण संविधानाने हा कर केंद्राकडे सोपविला आहे. व्यवसाय कर मात्र राज्याचा, आणि त्याची वर्षाची कमाल मर्यादा संविधानानेच २,५०० रुपये ठरविली आहे. शेतीची प्राप्ती केंद्राच्या करातून वगळलेली आहे. निपाणीकडच्या शेतकऱ्याने आपल्या रानात तंबाखू पिकविली व वाळवून विकली, तर ती शेतीची प्राप्ती. तीच तंबाखू घेऊन कोणी विड्यांचा कारखाना चालविला, तर त्याचा नफा करपात्र. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की आणखी एक नवल दिसते. तेथील पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, म्हणून त्या कायद्याखाली येणाऱ्या दांपत्याची पगाराव्यतिरिक्त प्राप्ती दोघांत निम्मी-निम्मी वाटून तिच्यावर कर आकारतात. १९९४ साली तसे स्वतंत्र कलमच कायद्यात घालण्यात आले. आमची मातृभाषा कोंकणी असल्याने गोव्याकडील आप्तांकडून हा प्रकार आम्ही प्रथम ऐकला तेव्हा खरा वाटला नव्हता. तो अगदी खरा आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. कर आधी कापला जातो आणि हिशेब मागून होतो, यातच परताव्याचे मूळ आहे. पगार देणारी संस्था दरमहा पगारातून कर कापते. बँक ठेवीच्या व्याजातून शेकडा १० कापते. यालाच टीडीएस म्हणतात. बँकेला आपल्या ठेवीदाराची एकूण प्राप्ती ठाऊक नसते. व्याज ठरावीक मर्यादेबाहेर गेले की ती कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून साठ वर्षांखालील व्यक्तीस ५०,००० रुपये व ज्येष्ठांस १ लाख रुपये आहे.

आमच्या परिचयाच्या एका विधवा भगिनींचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. पतीच्या मागे आलेली रक्कम त्यांनी ठेवीत गुंतविली. वर्षाचे व्याज ९६,००० रुपये, त्यातून ९,६०० रुपये कर कापला गेला. दुसरी प्राप्ती नाही, म्हणजे देय कर शून्य. ‘आपणांस करच लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?’ असे त्यांस कोणी सांगितले, व दोन वर्षे तसेच चालले. १९,२०० रुपये ही त्या घरात दोन मुलांच्या शिक्षणाची रक्कम होती. कर लागत नसला, तरी कापलेला कर परत हवा असेल तर विवरणपत्र द्यावेच लागते; ते दिल्यावाचून सरकार आपण होऊन काही पाठवीत नाही. पगारदारांसाठी त्याची नेहमीची मुदत ३१ जुलै, आणि उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत. तीही टळली तर विलंब माफ करण्याचा अर्ज आयकर अधिकाऱ्यांकडे करावा लागतो. त्याला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. त्या भगिनींनी असा अर्ज केला आहे. पुढे व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून वर्षारंभीच बँकेत तसा नमुना भरून देता येतो. जुन्या कायद्याखाली त्याचे नाव ‘१५ जी’, ज्येष्ठांसाठी ‘१५ एच’. आपल्या आजोबा-आजीने तो दिला आहे काय, हे विद्यार्थ्यांनी घरी अवश्य विचारावे.

यानंतर वजावटी. येथे हिशेबाचे दोन मार्ग आहेत : जुनी पद्धत व नवी पद्धत. जुनीत वजावटी पुष्कळ, पण दर चढे. नवीत वजावटी जवळजवळ नाहीत, पण दर सौम्य. २०२३-२४ पासून, आपण काही न सांगितल्यास नवीच लागू होते. एक उदाहरण सोडवू. (आम्ही कला शाखेचे पदवीधर; अंकगणिताशी आमचे सख्य बेताचेच. तरी आकडे गणिताच्या गुरुजींकडून तपासून घेतले आहेत.)

एका शिक्षिकेचा २०२५-२६ या वर्षाचा पगार ७,८०,००० रुपये व ठेवीचे व्याज ६०,००० रुपये मानू. बँकेने ६,००० रुपये कापले. एकूण ८,४०,०००. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,००० व व्यवसाय कर २,५०० जाऊन ७,८७,५०० उरतात. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, मुलांचे शिक्षणशुल्क इत्यादी मिळून कलम ८० सी खाली कमाल दीड लाख, आणि आरोग्यविम्याचा हप्ता २०,००० वजा केला म्हणजे ६,१७,५००. पहिले अडीच लाख करमुक्त. पुढील अडीच लाखांवर शेकडा ५ प्रमाणे १२,५००. उरलेल्या १,१७,५०० वर शेकडा २० प्रमाणे २३,५००. बेरीज ३६,०००, त्यावर शेकडा ४ उपकर १,४४०. एकूण कर ३७,४४०. म्हणजे इतक्या वजावटी मागूनही बाई सरकारचे ३१,४४० रुपये देणे लागतात.

नव्या पद्धतीत केवळ ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. उरले ७,६५,०००. पहिले चार लाख करमुक्त, उरलेल्या ३,६५,००० वर शेकडा ५ म्हणजे १८,२५०. परंतु बारा लाखांपर्यंतच्या अशा प्राप्तीवर करात पूर्ण सूट असल्यामुळे कर शून्य, आणि कापलेले ६,००० रुपये परत. ज्या वजावटींसाठी वर्षअखेर पावत्यांची शोधाशोध चालते, त्यांवाचूनच येथे अधिक लाभ झाला. म्हणून कोणती पद्धत हे ऐकीव सल्ल्याने ठरवू नये, दोन्ही हिशेब कागदावर मांडून ठरवावे. घरभाडे, गृहकर्ज व शैक्षणिक कर्ज असलेल्या मोठ्या पगारदारास जुनी पद्धत लाभदायक ठरू शकते. मात्र तिची निवड मुदतीच्या आत केलेल्या विवरणपत्रातच करता येते.

विद्यार्थ्यांच्या नावावर ठेव असेल तर? अज्ञान मुलाचे व्याज, ज्या पालकाची प्राप्ती अधिक त्याच्या प्राप्तीत मिळविले जाते. परंतु मुलाने स्वतःच्या श्रमाने, कौशल्याने वा कलेने मिळविलेला पैसा त्याचाच मानतात. गायनात मानधन मिळविणाऱ्या बालकलाकाराला कायदा कर्ता पुरुष समजतो म्हणावयाचे!

वजावटींच्या संबंधात एक अनिष्ट धंदा वाढला आहे. ‘तुमचा परतावा आम्ही वाढवून देतो, त्यातील काही टक्के आमचे’ असे सांगणारे मध्यस्थ गावोगाव भेटतात. न दिलेले घरभाडे, न केलेली देणगी, न घेतलेले कर्ज ते विवरणपत्रात लिहितात. विवरणपत्रासोबत पावत्या जोडाव्या लागत नाहीत, एवढ्यावर त्यांची सारी भिस्त. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा प्रकरणांत देशभर सुमारे १५० ठिकाणी झडती घेतली. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या मागे घेतल्याचे खात्याने त्या वेळी सांगितले. खोट्या विवरणास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो विवरणपत्रावर ज्याचे नाव त्याला होतो. मध्यस्थ आपले टक्के घेऊन केव्हाच मोकळा झालेला असतो.

खरी मागणी असूनही परतावा अडतो, त्याचे आमच्या भागातील एक कारण म्हणजे नाव. पॅन क्रमांकात दहा स्थाने असतात : पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथे अक्षर ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा क्रमांक, आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. तेव्हा तुमच्या आईने लग्नापूर्वी पॅन काढले असेल, तर त्यातील पाचव्या अक्षरात माहेरचे आडनाव आजही जपलेले सापडेल. मराठी रीतीने आपण नाव, वडिलांचे नाव व आडनाव लिहितो. कन्नड रीतीच्या कागदावर आद्याक्षरे पुढे येतात. कोठे आडनाव प्रथम, कोठे गावाचे नाव आडनाव होऊन बसलेले. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारावर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे! परतावा पडताळणी झालेल्या बँक खात्यातच जमा होतो, आणि पॅनवरील व खात्यावरील नाव जुळले नाही तर ती पडताळणी होत नाही. म्हणून शाळाप्रवेशाच्या वेळी नाव लिहिताना आम्ही पालकांस पुनःपुन्हा विचारतो, त्याचा त्यांनी राग मानू नये.

विवरणपत्र संगणकावर भरले म्हणजे काम संपले असेही नाही. तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी, बहुधा आधाराशी जोडलेल्या दूरध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकाने, करावी लागते. न केल्यास ते दिलेच नाही असे मानतात. नंतर ते जाते बेंगळुरूच्या केंद्राकडे. २००९ पासून सुरू झालेल्या या केंद्रात साऱ्या देशाची विवरणपत्रे तपासली जातात. तेथे आपला हिशेब, पगार देणाऱ्याने व बँकेने कळविलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात आणि निर्णयाची सूचना धाडतात. जुळले तर काही दिवसांत वा आठवड्यांत पैसे येतात. न जुळले तर प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मुदतीत द्यावे लागते. येथेच अनेकांचे परतावे महिनोन्महिने पडून राहतात, कारण सूचनापत्र मध्यस्थाच्या पत्त्यावर गेलेले असते. स्वतःचा ई-पत्ता व दूरध्वनी क्रमांक दिल्यास हा खोळंबा टळतो.

वाट पाहण्याचा मोबदलाही कायद्याने दिला आहे. मुदतीत विवरणपत्र दिले असेल तर १ एप्रिलपासून परतावा मंजूर होईपर्यंत दरमहा शेकडा अर्धा रुपया व्याज मिळते. परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर मात्र नाही. आपल्या उदाहरणातील बाईंना ६,००० रुपये ऑगस्टअखेर मिळाले असे धरू. पाच महिन्यांचे व्याज १५० रुपये. हे व्याजही प्राप्तीच ठरते, तेव्हा पुढील वर्षीच्या विवरणपत्रात ‘इतर प्राप्ती’ या सदरात या दीडशे रुपयांची नोंद बाईंनी करावयाची आहे.