एकाच यो-योचे व्रत

साधनांची विपुलता असताना त्यांतील एकच साधन हाती धरावे, ठरलेली मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे दृष्टीही वळवू नये आणि स्वतःच्या कौशल्याची परीक्षा त्या एका साधनावरच घ्यावी, ही कल्पना आपल्या नेमधर्माच्या समाजाला मुळीच परकी नाही. परंतु नेम नेमका कशाचा धरला आणि कशाचा धरलेला नाही, याची रुजवात आरंभीच झाली नाही, तर तोच नेम अंगाशी येतो, आणि हे मी एका यो-योच्या निमित्ताने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. अलीकडे आमच्या अलिबाग-नागावकडील काही मुले यो-यो खेळू लागली आहेत आणि 'वर्षभर एकच यो-यो' असा पण त्यांच्यात बोलला जातो. पण उत्तमच आहे. तो निर्धोकपणे पार पडावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

या पणाचे मर्म प्रथम सांगितले पाहिजे. यो-योचे प्रकार आज अनेक आहेत: लाकडाचे, प्लास्टिकचे, ॲल्युमिनियमचे, काहींच्या तबकड्यांमधील खोबण अरुंद, काहींची फुलपाखराच्या पंखांसारखी उघडी, काही हाताला झटका देताच परत येणारे, तर काही दोरीची विशिष्ट घडी घातल्यावाचून, ज्यास खेळाडू 'बाइंड' म्हणतात ती केल्यावाचून, परत न येणारे. ज्याच्याजवळ असे पाचसहा नग आहेत, तो एखादी करामत साधली नाही की दुसरा यो-यो उचलतो; दुसऱ्यानेही साधली नाही की तिसरा; आणि चूक मनगटात आहे की वस्तूत, याचा निवाडा कधीच होत नाही. एकच यो-यो हाती राहिला म्हणजे ही पळवाट बंद होते. त्याचे वजन, त्याचा कल, दोरीच्या टोकाशी पोहोचताना बोटाला बसणारा त्याचा हिसका, हे सर्व हाताला इतके परिचित होते की फेक किंचित वाकडी गेली, तर डोळ्यांच्या आधी बोट सांगते. हा लाभ मोठा आहे, आणि तो अन्य कोणत्याही उपायाने मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या बालपणी हीच कसोटी भोवऱ्याने घेतली. ज्या मुलाजवळ एकच भोवरा असे, त्याला तोच रिंगणात मांडावा लागे, त्यावरच इतरांच्या आरींचे गुच्चे सोसावे लागत, आणि डाव सुटला की तोच जाळीत, म्हणजे भोवऱ्याच्या दोरीत, गुंडाळून पुन्हा फिरवावा लागे. खाचा पडून त्याचा तोल बदलला तर बदललेल्या तोलाशी हाताने जुळवून घ्यावे लागे. हातजाळीत, म्हणजे भोवरा जमिनीला न टेकू देता परस्पर तळहातावर झेलण्यात, अशी मुले बहुधा अव्वल निघत. तथापि त्या मुलांचीही जाळी तुटली की ती नवी आणत. जुन्या जाळीला गाठी मारून तिचा अभिमान मिरवावा, असे त्यांच्या मनात कधी आले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

यो-यो हे खेळणे परदेशी म्हणून कोणी नाक मुरडू नये. इसवी सन १७७० च्या सुमारास काढलेल्या एका राजस्थानी चित्रात यो-यो खेळणारी स्त्री आहे, आणि त्याच्याही पूर्वी, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या ग्रीक पात्रावर तो मुलाच्या हाती चितारलेला आहे. मात्र आजचा खेळ ज्यावर आधारलेला आहे, ती सुधारणा अर्वाचीन आहे. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने १९२८ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे यो-योचा कारखाना काढला, तेव्हा त्याच्या यो-योत दोरी आसाला घट्ट बांधलेली नव्हती, तर आसाभोवती नुसता फास सैल घातलेला होता. तबकड्या दोरीच्या टोकाशी पोहोचल्या की आस त्या फासात मोकळा फिरत राहतो, आणि यो-यो परत न येता तेथेच गरगरतो. याला 'स्लीप' म्हणतात आणि बहुतेक करामती या अवस्थेतच केल्या जातात. एप्रिल १९८५ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून यो-यो अंतराळात नेण्यात आला, तेव्हा तेथे तो या अवस्थेत राहीना. दोरी ताणून धरणारे वजनच नसल्यामुळे तो तत्काळ माघारी येई. तात्पर्य, यो-यो म्हणजे केवळ दोन तबकड्या नव्हेत. तबकड्या, आस, दोरी आणि पृथ्वीची ओढ या चौघांच्या साहचर्याने तो खेळ होतो, आणि त्यांतील दोरी हा झिजण्यासाठीच निर्माण झालेला घटक आहे.

दोरीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पीळ दिलेला धागा मध्यावर दुमडून पुन्हा पिळलेला असतो. म्हणून दुमडीचे टोक उलट फिरवले की ते आपोआप उघडते आणि त्यातून आस ओवता येतो. दुसऱ्या टोकाला गाठ असते आणि त्या गाठीतून दोरी ओढून घेऊन बोटासाठी सरकफास करायचा असतो. झीज होते ती या दोन टोकांशीच. आमच्या किनाऱ्यावर तर खारे वारे दुपारी सुरू झाले की अंगणातील प्रत्येक वस्तूवर मिठाचा सूक्ष्म लेप चढतो. सुती दोरी तो ओलावा शोषून फुगते, वाळते, पुन्हा फुगते, आणि तिचे तंतू आतून कुजू लागतात. बाहेरून ती केवळ मळकी दिसते.

माझ्या परिचयातील एका तरुण मंडळाने पणाची कलमे ठरविताना 'काहीही बदलायचे नाही' असे कलम घातले होते, आणि ते पाळणे म्हणजे पुरुषार्थ, असा समज दृढ झाला होता. त्या कलमाप्रमाणे माझ्याही हातातील दोरी बदललेली नव्हती. पावसाळा नुकताच ओसरला होता. पोफळीच्या वाडीला लागून असलेल्या अंगणात मी ॲल्युमिनियमचा यो-यो जोराने खाली फेकला आणि तो स्थिरावतो न स्थिरावतो तोच मनगट उचलले, तेव्हा बोटाशी असलेला फास तुटला. सुमारे पासष्ट ग्रॅमचा तो धातूचा गोळा, फिरत्या अवस्थेत, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पुतण्याच्या कानाजवळून गेला आणि चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. मुलाला इजा झाली नाही. गडग्याला बोटभर खाच पडली आणि यो-योच्या कडेवर, नखाने चाचपले असता जाणवेल एवढा, एक धारदार ओरखडा उठला. नंतर घातलेली नवी दोरी त्या ओरखड्याला घासून पहिल्याच सायंकाळी केसाळ झाली, यावरून ती धार किती तीक्ष्ण होती हे कळून येईल. बारीक काचकागदाने ती घासून काढल्यावरच यो-यो पुन्हा हाती घेण्याजोगा झाला.

म्हणून पण घेणाऱ्यांना माझी पहिली ताकीद ही की व्रत तबकड्यांचे घ्यावे. दोरी, बेअरिंग आणि खोबणीतील रबरी चकत्या यांना व्रतातून वगळावे, आणि ही सूट लेखी नमूद करावी, म्हणजे पुढे मित्रमंडळींच्या टोमण्यांना भीक घालण्याचे कारण राहत नाही. दोरी केसाळ दिसू लागली, तिच्यावर कोठे चपटा, चकाकणारा भाग आढळला, किंवा आसाशी असलेला फास तांबूस झाला, की ती त्याच दिवशी टाकून द्यावी. सुतीपेक्षा पॉलिएस्टरची दोरी आमच्या हवेत अधिक टिकते. खेळापूर्वी यो-यो दोरीवर नुसता लोंबकळत सोडून तिचा जादा पीळ उतरू द्यावा, कारण पीळ अधिक झालेली दोरी स्वतःभोवती वेटोळी होऊन गाठ बसते, आणि पीळ अगदी उतरलेली दोरी आसावर पकड घेत नाही. लांबीच्या बाबतीत नवशिक्याने यो-यो जमिनीवर ठेवून दोरी नाभीपर्यंत धरावी आणि त्याच्या किंचित वर गाठ मारावी. मोजमाप एकदा ठरले की ते बदलू नये; ही गोष्ट मात्र व्रतात अवश्य असावी.

तांबूस फासाचा उल्लेख वर आला, त्याचे कारण बेअरिंग. अर्धा इंच व्यासाचे हे पोलादी कडे आसावर बसलेले असते आणि त्याच्यामुळेच आजचा यो-यो मिनिटेच्या मिनिटे फिरतो. लाकडी आसाच्या जुन्या यो-योला गंजाचे भय नव्हते. याला आहे, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला ते दुप्पट आहे. यो-यो फिरताना जो बारीक गुंजारव येतो, तो जाऊन त्या जागी कोरडी खरखर ऐकू आली की बेअरिंग साफ करण्याची वेळ आली, असे समजावे. तबकड्यांचे आटे सैल करून बेअरिंग काढावे, झाकणाच्या लहान बाटलीत थोड्या स्वच्छ थिनरमध्ये हलवून घ्यावे, कागदावर पूर्ण वाळवावे आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. तेल अधिक झाले तर यो-यो हाताला लवकर परततो, करामतीच्या वेळी ते नडते. हे काम चुलीपासून, दिव्यापासून दूर, उघड्या खिडकीशी, आणि मुलांच्या बाबतीत घरच्या मोठ्या माणसाच्या देखतच करावे. रात्री यो-यो घट्ट झाकणाच्या डब्यात, पादत्राणांच्या खोक्यात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. ज्यांना लाकडी यो-योवर पण करावयाचा असेल, त्यांनी तो आषाढात सुरू करू नये. लाकूड फुगून खोबण आवळते आणि दोरी अडकते. दिवाळीनंतरचा काळ त्याला योग्य.

दुसरी ताकीद बोटाची. एकाच यो-योच्या नादात एकाच बोटावर, एकाच जागी, फास दिवसेंदिवस बसत राहतो. तो मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये असावा, अगदी मुळाशी नसावा. आणि बोटाचे टोक निळसर दिसले किंवा बधिर वाटले, तर करामत अर्धी टाकूनही फास सैल करावा. माझ्या बोटावर त्या जागी प्रथम लाल वळ, मग भेग पडली, आणि खाऱ्या हवेत ती भरून यावयास फार विलंब लागला. वैद्यांनी सांगितलेला उपाय एकच होता: विश्रांती. अशा वेळी खंड पडला म्हणून व्रत मोडले, असे कोणी मानू नये. एकादशीचा उपवासही आजाऱ्याला माफ असतो. मनगट आणि कोपर यांविषयी हेच लागू आहे. धातूचा यो-यो खेळताना आजूबाजूला, हात पसरून दोरी लांबविली असता जेवढे वर्तुळ होईल त्याच्या दुप्पट जागा मोकळी असावी, आणि त्या जागेत लहान मूल आले तर फेक थांबवावी.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी एक खुलासा. जागतिक स्पर्धेतील 'वन-ए' हा विभाग एका हातातील एकाच यो-योचा आहे, तर 'टू-ए' विभागात दोन्ही हातांत दोन यो-यो एकाच वेळी फिरवितात. परंतु वन-एचे निष्णात खेळाडूही मंचावर जादा यो-यो जवळ ठेवतात, कारण दोरीला गाठ बसली तर ती सोडवण्यात वेळ आणि गुण दोन्ही जातात. एकाच यो-योचे बंधन सरावासाठी आहे. परीक्षेच्या प्रसंगी त्याचा हट्ट धरणे म्हणजे वर्षभराचा अभ्यास एका गाठीच्या हवाली करणे होय.

राहता राहिला प्रश्न व्रत सोडण्याचा, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मुदत भरल्यावर बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी नवा यो-यो घेतात आणि जुना खणात टाकतात. माझ्या मते हे सर्वस्वी चूक. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा वृत्तांत या ठिकाणी उपयोगी पडेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे घाटले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने त्या नोंदी बिघडतील हे ओळखून, नानाभॉय मूस हे संचालक असताना, १९०४ साली हे काम अलिबागला आणण्यात आले. पण आणले म्हणजे कुलाब्याचे दप्तर त्याच दिवशी गुंडाळले, असे झाले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू होत्या, म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना होऊ शकली आणि अखंड मालिका तुटली नाही. ती इमारत अलिबागच्या समुद्राजवळ आजही उभी आहे. आमच्या भागातील मुलांनी तिचा हा इतिहास आवर्जून जाणून घ्यावा.

यो-योच्या बाबतीतही तसेच करावे. मुदत संपल्यावर काही आठवडे जुना आणि नवा, दोन्ही यो-यो बरोबर ठेवावेत. दोहोंना एकाच पुडक्यातील, एकाच लांबीच्या, नव्या दोऱ्या लावाव्यात. जी करामत जुन्यावर हमखास साधते ती नव्यावर, आणि जी साधत नाही तीही नव्यावर, त्याच सायंकाळी, त्याच अंगणात करून पाहावी. फेक कोणत्या बाजूला झुकली, यो-यो किती वेळ फिरला, फास कोठे सरकला, हे वहीत समोरासमोर दोन रकान्यांत टिपावे. नव्यावर तीच चूक त्याच जागी झाली तर ती हाताची आहे. न झाली तर जुन्याचे बेअरिंग पुन्हा एकदा उघडून पाहावे.